खाटेखाली अठरा इंच

धाकटा : अठरा इंचाच्या वरचा सबवूफर काढा, मिस्त्री, सगळ्यात जोरात धपधपणारा स्पीकर. नाहीतर हा हातोडा बघून ठेवा.

मिस्त्री : बघितला. दांडा ढिला आहे. मारायला उगारशील आणि तुझ्याच टाळक्यात बसेल. आण इकडे, पाचर ठोकून देतो.

धाकटा : मस्करी नको! दादानं अठरा इंची आणला आणि आईची खाट उचलून भिंतीपलीकडे, त्याच्या घरात नेली. कान गेल्यापासून तिला गाणं अंगानंच कळतं. आता माझ्या बारा इंचीला कोण विचारतो?

मिस्त्री : स्पीकरचा मोठा पडदा जास्त हवा ढकलतो, खोल सूर काढतो, कबूल. पण त्याला खोकाही तेवढा मोठा लागतो. हत्ती खुराड्यात कोंडला तर नाचत नाही, खुराडं मोडतो.

धाकटा : मला खुराडंच मोडायचंय. दादाचं.

मिस्त्री : काल दात पडला तो कुणाचा?

धाकटा : त्याचा. माझ्या कानाला सात टाके.

मिस्त्री : म्हणजे अजून तूच पुढे.

धाकटा : आणि ती मागच्या खोलीतली धपधप आधी बंद करा. डोक्यात जाते.

मिस्त्री : ती चालू राहील.

(थोरला लाथेनं दार उघडतो. खांद्यावर फाटक्या पडद्याचा अठरा इंची.)

थोरला : सापडलास! माझ्या सबवूफरला स्क्रू-ड्रायव्हरनं भोसकलंस! एकोणीस भोकं!

धाकटा : वीस. एक मागून आहे.

थोरला : मी थोरला आहे! मला मोजायला शिकवू नकोस!

मिस्त्री : भांडा, पण त्या टेबलाकडे सरकू नका. सोल्डरिंगची सळई तापलीय.

थोरला : आईऽऽ गं!

मिस्त्री : सांगितलं होतं.

धाकटा : आणि हा नाकावर घे!

थोरला : आण तो हातोडा इकडे! थांब, तुझा दुसरा कानही उपटतो...

मिस्त्री : थोरले, त्याचा गळा दाबता दाबता एवढं सांगा. मी दिलेला खोका कुठंय?

थोरला : खाटेखाली मावेना. करवतीनं निम्मा कापला.

मिस्त्री : निम्मा.

थोरला : वर नवी फळी ठोकली की! काय बिघडलं?

मिस्त्री : खोल सूर गेले, एकटा घुमणारा उरला. अंगाईगीत लावा नाहीतर लग्नाचा बँड, हूंऽऽऽ.

थोरला : पण जोर बघायचा! मांडणीवरचे डबे उड्या मारायचे!

धाकटा : आई तर नाचते म्हणालास. गच्चीवरून ओरडून सांगितलंस!

थोरला : हलत होती. घरच हलत होतं.

धाकटा : म्हणजे?

थोरला : तिला भूकंप वाटला. आठ दिवस गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. मी म्हटलं, होईल सवय.

धाकटा : दादा, तू माणूस आहेस की...

थोरला : तू बोलू नकोस! आज सकाळी तुझ्याकडे निघून गेली, म्हणून तर तुझा मुडदा पाडायला आलोय.

धाकटा : माझ्याकडे?

थोरला : मग?

धाकटा : माझ्याकडे नाही आली. गळा सोड जरा. माझ्याकडे नाही आली, दादा.

थोरला : सोडला. मग आई कुठंय?

मिस्त्री : मागच्या खोलीत. सकाळी गाठोड्यासकट आली. भिंतीच्या अलीकडे अठरा, पलीकडे फुल आवाजात बारा. बिचारी जाणार कुठं?

धाकटा : मग ही धपधप...

मिस्त्री : आठ इंची आहे. तळवा ठेवून बसलीय.

थोरला : आठ? फक्त आठ?

मिस्त्री : आठच. पण खोका मापाचा. खोलीभर नाही पुरत, तळव्यापुरता पुरतो. ठोका न् ठोका सुटा लागतो. दोन गाणी ओळखली तिनं. तिसऱ्याला बोटांनी ठेका धरलाय.

थोरला : आणि इतका वेळ आमचे मुडदे पडेपर्यंत बोलला नाहीत?

मिस्त्री : म्हटलं, गाणं संपू दे.

धाकटा : दादा, तो हातोडा तिकडे ठेव.

थोरला : तुझाच आहे तो.

धाकटा : तुझ्या हातात आहे.

थोरला : ठेवला. हळू चल, दार वाजवू नकोस. तिला ऐकू...

धाकटा : ऐकू नाही येत तिला, दादा. दिसतं. आधी नाक पूस.