हिटरची जाळी

तर मग भरवसा ठेवायचा कुणावर, तुम्हीच सांगा मन्सूरभाई? — नाही, नाही, पेटी कुठं पळत नाही, आत खोलीत आहे, तुमच्या बहिणीची पेटी, मी काय तिच्यावर बसून राहिलोय? न्यायला आलात, न्याल. हमालाला बसू द्या सावलीत, दापोलीची एस.टी. सुटायला अवकाश आहे. तुम्ही पायरीवर टेका वायच. पार बुरोंडीहून आलात आणि बहिणीच्या घरचा चहासुद्धा घेत नाही, म्हणजे काय? — बरं, उभे राहा. उभ्यानं ऐका. माझं डोकं गाडीच्या आत आहे म्हणून आवाज असा घुमतोय, रागावलो नाहीये मी. म्हणजे रागावलोय, पण तुमच्यावर नाही. ह्या जाळीवर. मुंबईहून मागवली, आगबोटीनं दाभोळला उतरली, कागदात गुंडाळून, वर दोरा बांधून, जशी काय नवरीच — आणि सोडून बघतो तर दोन्ही तोंडं उलटी! जिथं नळी डावीकडून येते तिथं हिचं तोंड उजवीकडं. मी त्या दुकानदाराला चित्र काढून पाठवलं होतं हो. चौथीतून शाळा सोडली, इंग्रजी अक्षरं चहाच्या खोक्यांवरून शिकलो, पण चित्र असं काढलं होतं की आंधळ्यालाही कळावं. आता नळ्यांची फुली मारून बसवतोय. तो पाना द्या जरा. तो नाही, धाकटा. — नको, नको, मीच घेतो.

ही शेगडी मी कशी घेतली ते तुम्हाला सांगितलं नसेल. खडकीला लष्कराच्या मोडक्या गाड्यांचा लिलाव होता. लोक टायर दाबून बघत होते, मी डॅशबोर्डाखालचा हा डबा बघत होतो. तिथल्या हवालदाराला विचारलं, हे काय? म्हणाला, शेठ, हिटर, अमेरिकेत बर्फ पडतो, त्यासाठी शेगडी. इंजिनाचं गरम पाणी नळीतून ह्या जाळीत येतं, मागून पंखा वारा घालतो, आत बसलेल्याला ऊब. म्हटलं, बिनकोळशाची शेगडी! घेतलीच. खेडात आणली तेव्हा बाजारपेठ हसली — जमालशेठ, इथं माणूस घामानं निथळतो, शेगडी काय डोक्यावर घेता? हसले, आणि पौषात पहाटे गाडी चालू केली की तेच सगळे दारातून हात घालून शेकत उभे. आप्पा तेली तर कान शेकायचा. एकेक कान, आळीपाळीनं.

मग जाळी गळायला लागली. महिपत ठाऊक आहे ना, मुंबईच्या गॅरेजात होता, आता जगबुडी नदीच्या काठाला छप्पर टाकून बसलाय — तो म्हणाला, शेठ, दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून देतो, जाळीला पाणीच नको, विडी विझायच्या आत काम. का नाही करून घेतलं? सगळे हेच विचारतात. मी सांगतो, पैसे टाकून घेतलेली वस्तू फुकट बाद का करू? लोकांना पटतं. व्यापारी माणूस, चिक्कू, पटतं. — पण तसं नव्हतं हो. आता तुम्ही तिचे भाऊ, तुमच्याशी बोलावं की नाही… घरात हमिदा माझ्याशी बोलते ती किती? माझ्या आईचा कान, दुकानातल्या माणसांचा कान, पाहुण्यांचा कान. ‘मीठ संपलं’, ‘कोण आलंय बघा’, बस्स. पण पहाटे तुमच्याकडं यायला निघालो, दापोलीचा चढ लागला, बाहेर धुकं, आत ऊब, की ही चप्पल काढायची, पाय त्या डब्यापुढं धरायची आणि जी सुरू व्हायची! लहानपणी तुम्ही तिला मचव्यात जाळ्याखाली लपवून हर्णैला नेलीत ते. लग्नात माझा सेहरा वाकडा होता आणि सगळ्या बायका आत कशा फिदीफिदी हसत होत्या ते. मैमुनाखालेची नक्कल तर अशी की मला गाडी बाजूला घ्यावी लागायची. एकदा दापोली आली तरी मी थांबलो नाही, उगीच आणखी एक फेरी मारली, म्हटलं रस्ता चुकलो. ती म्हणाली, ‘रोजचा रस्ता चुकलात?’ — आणि बोलतच राहिली. नळ्या जोडून टाकल्या असत्या म्हणजे थंडगार पत्र्यात दोन माणसं गप्प. ते घरी आहेच की.

म्हणून दुरुस्ती करायला गेलो, आणि भरवसा ठेवला. एका लॉरीवाल्यानं सांगितलं, रेडिएटरात मिरपूड टाका, बारीक भोकं बुजतात. मिरी! मी म्हटलं, भोकच बुजवायचं तर मिरी कशाला, पीठ बुजवील. गव्हाचं चिकट, तांदळाचं भुसभुशीत. नाचणीचं कसं, बसलं की बसलं. टाकलं मुठीमुठीनं. आणि थांबलं की हो! अल्लाची शपथ, थेंब नाही. बाजारभर सांगत फिरलो, महिपतला मुद्दाम चहा पाजून सांगितलं. आणि आत काय चाललंय? आंबील शिजतेय! नळ्या तुंबल्या, इंजिन तापलं, वाफेला वाट मिळेना, आणि पत्रा जिथं पातळ होता तिथं जाळी फुटली. महिपतनं नंतर झाकण उघडलं, वास घेतला, आणि म्हणतो कसा — ‘शेठ, ह्यात माझं काम नाही, ताक आणि मीठ घेऊन बायकांना बोलवा.’ गेला तो गेलाच. म्हणून हा मी, विहिरीवरून घागरी आणून आणून गाडीची आतडी धुतोय.

पण मी निष्काळजी माणूस नाही, मन्सूरभाई. तुमच्या आईनं तसं म्हटलं म्हणे — ‘जमालला कशाची फिकीर नाही.’ लागलं ते मला. तुमच्या मुलाच्या अकिक्याच्या जेवणाला येत होतो आम्ही, आठवतं ना, साखर मी आणायची ठरली होती. माल कसा सांभाळावा ते मला विचारा! निघताना आत हात फिरवला, शेगडीच्या डब्याखाली तळाला ओल लागली. लगेच खालची साखरेची गोणी उचलली, वर सीटवर घेतली, आमच्या दोघांच्या मध्ये घट्ट दाबून बसवली. एवढा गोंधळ झाला, एवढं गरम पाणी उसळलं, पण साखर? दाणा भिजला नाही. तुम्ही स्वतः —

काय झालं? असे का बघता?

ओल होती म्हणजे… थोडी. दमटपणा. नाचणी नुकतीच बसत होती, म्हटलं थोडी ओल राहणारच. तिला कशाला सांगायचं, उगीच घाबरली असती, चप्पल काढली नसती… साखरेचं वेगळं असतं हो, साखर हवेतली ओलसुद्धा ओढते. आणि मी म्हणतो, एवढा चटका बसल्यावर माणसानं पाय वर घ्यायचे ना! बसून राहायचं? मी ब्रेक मारला, उतरलो, वळसा घालून दार उघडलं, तोवर पाय तिथंच! डॉक्टर म्हणाले डाग राहतील. राहणारच, पाय काढले नाहीत तर. हे असे वर घ्यायचे, सीटवर, मांडी घालून, काय कठीण आहे? थांबा, दाखवतोच तुम्हाला. जाळी बसली, पाणी भरलंय. हँडल मारतो — हां! ऐका आवाज. होऊ द्या गरम. आता मी तिच्या जागेवर बसतो. ओ हमालदादा, ओट्यावरची ती तांदळाची गोणी द्या उचलून, इथं सीटवर, मध्ये. दाबा. आणखी दाबा, अशीच होती. लावा दार. आता बघा मन्सूरभाई, पाणी आलं असं समजा, चटका बसला, आणि मी पाय —

गुडघा अडकतोय. हा वरचा पत्रा आडवा येतो. थांबा, तिरपा होऊन… गोणी. गोणी हलत नाही. दाराकडं वळून… दाराला आतून कडी नाही. मोडलीय ती घेतली तेव्हापासून. मीच बाहेरून उघडतो नेहमी. ‘उतरा बेगमसाहिबा’ म्हणतो, सलाम करतो. ती हसते. म्हटलं तेवढीच गंमत, कडी कशाला बसवा…

मी ह्या बाजूला कधी बसलोच नव्हतो.

उघडा दार, मन्सूरभाई. — नका उघडू. राहू द्या. ऊब यायला लागली बघा, गळत नाही, फुली मारूनसुद्धा नीट बसली. मघापासून मनात होतं, गाडी सुरू झाली की तुम्हाला आत बसवायचं, तुमचे पाय शेकायचे, आणि मग म्हणायचं, पेटी राहू द्या, उद्या मीच न्यायला येतो तिला. सगळं जुळवून ठेवलं होतं बोलणं. आता नाही ते निघत.

हमालाला सांगा पेटी उचलायला. तिची हिरवी शाल बाहेर दोरीवर आहे, तीही न्या, तिकडं समुद्राचा वारा झोंबतो. आणि ती विचारील. नाही विचारलं तर तुम्हीच सांगा. जाळी नवी बसवली, हाताला कापलं, मुंबईहून माल मागवला — ह्यातलं काही आधी सांगू नका, ते मी दुकानदार म्हणून माझ्या जमेला मांडलंय. आधी सांगा की ओल मला ठाऊक होती. गोणी वर घेतली तेव्हा ठाऊक होती. हिशेब तुम्ही ठेवा, मन्सूरभाई, माझ्या हातात देऊ नका, आणि खरा ठेवा — मेव्हणा म्हणून माझ्या बाजूनं काही धरू नका. जा आता, एस.टी. चुकेल.