सुभेदाराची खोडलेली वाक्यं

अरे, अजून आठवलं की डोकं तापतं! आमच्या नाटकात एक जुलमी सुभेदार होता. सोलापूरच्या कचेरीत वही मंजुरीला दिली, तर साहेबानं सुभेदाराची सगळी वाक्यं खोडली. सरकारची बदनामी म्हणे!

मी म्हटलं, “साहेब, नाटक म्हणजे दोघांचा झगडा. एकाचं तोंड बांधल्यावर नाटक उरतं कुठं?”

“दुसरा बोलतोय की. तेवढं करा.”

तेवढंच केलं. नाटकातला विणकर जाब विचारत राहिला आणि सुभेदार नुसता रोखून बघत राहिला. प्रयोगाला आलेली गिरणीतली माणसं चवताळून उठली. “बोल की रं! दातखीळ बसली व्हय?”

दुसऱ्या दिवशी साहेबानं मला बोलावून टेबलावर मूठ आपटली. “त्याला गप्प बसायची परवानगी कुणी दिली?”