मागून दिसलं पाहिजे

(बल्गेरियाच्या डोंगरातलं एक गाव. न्यागोल मिस्त्रीचं गॅरेज. शनिवारची सकाळ.)

न्यागोल : अजून एक दिवा? वहिनी, लावू कुठे? दोन्ही बाजूंच्या पेट्यांवर एकेक झाला, वरच्या पेटीवर ही लांब पट्टी झाली, मडगार्डवर एक, नंबर प्लेटखाली एक. मोटारसायकलचा मूळचा दिवा वेगळाच. आता फक्त दोब्रीदादाची पाठ उरलीय.

स्तोयना : मग पाठीवर लाव.

दोब्री : न्यागोल, हिला सांग, मी माणूस आहे. चौकातला सिग्नल नाही.

न्यागोल : वहिनी, दादा म्हणतायत—

स्तोयना : ऐकलं. ह्यांना सांग, सिग्नल असते तर निदान दिसले असते.

न्यागोल : दादा, वहिनी म्हणतायत—

दोब्री : मीही ऐकलं.

न्यागोल : मग मी मधे कशाला? तीन हातांवर उभे आहात दोघं. नवरा-बायको आहात. तुमच्या लग्नात मीच अकॉर्डियन वाजवलं होतं.

स्तोयना : बेसूर वाजवलं होतंस.

दोब्री : ते मात्र खरं. म्हणजे... हिला सांग, ते मात्र खरं.

न्यागोल : धन्य आहे! हा अबोला संपणार कधी?

स्तोयना : ह्यांनी कबूल केल्यावर. त्या दिवशी ब्रेकचा दिवा लागला नव्हता.

दोब्री : लागला होता! कासवाने शपथेवर सांगितलं असतं.

स्तोयना : कासव पुढे होतं. दिवा मागे असतो. सांग ह्यांना.

न्यागोल : थांबा जरा. या कासवाच्या चार वेगवेगळ्या कथा ऐकल्यात मी गावात. नक्की झालं काय?

दोब्री : काय व्हायचंय! मी मोटारसायकलवर पुढे, ही मोटारीतून मागे. नेहमीसारखंच. वळणावर कासव रस्ता ओलांडत होतं. मी ब्रेक दाबला. कासवावरून चाक नेणारा माणूस नाही मी. कासव सुखरूप पलीकडे गेलं, आणि माझी सख्खी बायको धाडकन माझ्या मागच्या चाकावर आली. मी उडालो तो थेट काटेरी जाळीत.

स्तोयना : माझ्या आईने दिलेल्या भाजक्या मिरचीच्या चटणीच्या बरण्या फुटल्या, ते नाही सांगत. शेजारच्या सीटवर टोपली होती. दार उघडलं तर लाल ओघळ रस्ताभर.

दोब्री : ते बघून पोलिसाने डोक्यावरची टोपी काढली. मी जाळीतून बोंबलतोय, अरे जिवंत आहे मी! आणि तो हिला म्हणतो, धीर धरा बाई.

स्तोयना : ह्यांना सांग, धीर धरला म्हणूनच इतकी वर्षं निभावलं.

न्यागोल : बरं, आता दिवा लागला नाही असं कुणी म्हणायचं नाही. ही पट्टी भंगारातल्या बसची आहे. एवढा सगळा भार जुन्या वायरीवर टाकला असता तर वायर जळून गेली असती. म्हणून बॅटरीकडून वेगळी जाड वायर ओढलीय, तिला वेगळा फ्यूज दिलाय. ब्रेकच्या वायरीने फक्त हुकूम सोडायचा. काल अंधार पडल्यावर दाबून बघितलं, तर समोरचा कोंबडा आरवायला लागला.

स्तोयना : कोंबड्याला दिसलं. मला दिसतं का ते बघायचंय.

दोब्री : हिला सांग, उद्या बुर्गासला नातीचा बाप्तिस्मा आहे. दुपारी निघालं नाही तर पोरीचं नाव आपल्याला फोनवरून कळेल.

स्तोयना : ह्यांना सांग, मोटारीतून चला म्हटलं तर ह्यांना मोटारीत मळमळतं.

दोब्री : लहानपणापासून मळमळतं! लग्नाआधी सांगितलं होतं!

न्यागोल : पुरे! आपण बघूनच टाकू. दादा, तुम्ही पुढे चला. वहिनी मोटारीतून मागे येतील, मी त्यांच्या शेजारी बसतो. चर्चच्या पुढच्या उताराला तुम्ही ब्रेक दाबा.

दोब्री : आणि ही थांबली नाही तर?

न्यागोल : तर तुमच्या बाजूने मी साक्षीदार.

दोब्री : कसला साक्षीदार? काचेतून बाहेर पडलेला?

स्तोयना : बस रे तू गाडीत. पट्टा लाव.

न्यागोल : लावला. वहिनी, जरा हळू काढा हं. आता आपण दोघंच आहोत तर एक विचारू? दादा कुठेही गेले की तुम्ही मोटार घेऊन मागे असताच. समुद्रावर, यात्रेला, सासुरवाडीला. गावात सगळे हसतात.

स्तोयना : हसू देत.

न्यागोल : सामान नेता का?

स्तोयना : सामान मावतं की त्या पेट्यांत. न्यागोल, ट्रकवाले कसे चालवतात बघितलंस कधी? एखाद्याने मागून येऊन ह्यांना उडवलं तर? मी मागे असले की मधे निदान ही मोटार असते. पत्रा असतो काहीतरी.

न्यागोल : म्हणजे तुम्ही राखण करता?

स्तोयना : म्हण तसं.

न्यागोल : आणि इतक्या वर्षांत दादांना मागून उडवलं कुणी?

स्तोयना : मीच. खिदळू नकोस.

न्यागोल : खोकला आला. दादांना ठाऊक आहे हे?

स्तोयना : त्यांनी कधी विचारलं नाही. आता गप्प बस, उतार आला.

न्यागोल : दाबला! दादांनी ब्रेक दाबला! अरे देवा, काय हा उजेड! थांबा वहिनी, थांबा, थांबा—

स्तोयना : थांबले की! ओरडतोस काय? मधे दोन बैलगाड्या बसतील एवढी जागा आहे. डोळे उघड.

न्यागोल : उघडतो. दिसलं ना?

स्तोयना : दिसलं. जत्रेतला पाळणा दिसतो तसं दिसलं... आई गं!

न्यागोल : आईशप्पथ! हा धक्का कुठून आला? वहिनी, मागे बघा. पाद्रीबाबांची गाडी! आपल्या डिकीत घुसलीय!

दोब्री : स्तोयना! स्तोयना, लागलं का तुला? मान हलवून दाखव. बोल काहीतरी!

स्तोयना : न्यागोल, ह्यांना सांग—

न्यागोल : मी नाही सांगणार. मी चाललो पाद्रीबाबांना बघायला. तुमचं तुम्ही बघा.

दोब्री : स्तोयना...

स्तोयना : गुडघा आपटलाय. थोडासा.

दोब्री : बघू. दुखतं का इथे?

स्तोयना : दाबल्यावर दुखणारच. दाबू नका ना!

न्यागोल : बाबा ठणठणीत आहेत. म्हणतात, समोर एकाएकी एवढा लाल उजेड फुटला की त्यांना वाटलं, जगाचा शेवट आला. एका हाताने क्रूसाची खूण केली, दुसऱ्या हाताने डोळे झाकले.

दोब्री : आणि स्टिअरिंग?

न्यागोल : ते देवावर सोडलं. दादा, हसू नका. ही मोटार मधे नसती तर बाबा सरळ तुमच्या अंगावर आले असते. वहिनी म्हणतात ते काही खोटं नाही.

दोब्री : काय म्हणते ही?

स्तोयना : काही नाही. तू गप रे.

न्यागोल : मागून कुणी तुम्हाला उडवू नये म्हणून या मागे असतात. राखणीला. इतकी वर्षं.

दोब्री : खरं?

स्तोयना : मग काय, खोटं?

दोब्री : मला वाटायचं, मी गाडी किती जोरात हाणतो ते बघायला येतेस.

स्तोयना : तेही बघते.

दोब्री : मग त्या दिवशी काय झालं?

स्तोयना : त्या दिवशी मागून लाकडांचा ट्रक येत होता. अगदी चिकटून. माझं सगळं लक्ष आरशात, त्या मेल्या ट्रककडे. पुढे बघते तो तुमचं कासव.

दोब्री : म्हणजे दिवा लागला होता?

स्तोयना : लागलाही असेल. मी पाहिला कुठे!

दोब्री : हे तेव्हाच का नाही बोललीस?

स्तोयना : तुम्ही जाळीतून मला शिव्या घालत होतात. मग मीही म्हटलं, नव्हताच लागला.

न्यागोल : मला माफ करा दोघांनी, पण या मोटारीचा पत्रा चाकाला टेकलाय. सोमवारच्या आत ही हलायची नाही.

स्तोयना : मग बाप्तिस्मा?

दोब्री : माझ्या मागे बस.

स्तोयना : मोटारसायकलवर? या वयात?

दोब्री : सीट आहे की मागे. चांगली गादी आहे.

स्तोयना : तुम्ही कधी बस म्हणाला नाहीत.

दोब्री : तू किल्ली घेऊन आधीच मोटारीत जाऊन बसलेली असायचीस. मला वाटलं, तुला भीती वाटते.

स्तोयना : वाटतेच. अर्धा रस्ता घाटाचा आहे.

दोब्री : हळू नेईन.

स्तोयना : मी घट्ट धरणार. पोट आवळतं म्हणून कुरकुर करायची नाही.

दोब्री : नाही करणार.

स्तोयना : न्यागोल, तेवढी ती वरची पट्टी काढून टाक. रस्त्यात आणखी पाद्री भेटतील.

न्यागोल : काढतो. आणि बाकीचे?

स्तोयना : राहू देत. तुम्ही उन्हात उभे राहू नका, त्या झाडाखाली थांबा. मी जाड स्वेटर घेऊन येते.