केतकीचं पातेलं

— अहो ताई, ते लोहचुंबक आधी पर्समध्ये टाका! बेगम बाजारात भांडी घ्यायला आलात की चोर पकडायला? चिकटलं नाही म्हणजे स्टील अस्सल — कोणी शिकवलं हे? मोबाइलनं? हौ, त्यानंच शिकवलं असणार. चाळीस वर्षं या गल्ल्यावर बसलोय मी! निकेल एकटं असलं तर चुंबकाला चिकटतं, पण स्टीलमध्ये शंभराला आठ भाग घाला — चुंबक सोडून देतं. वर आंबट-खारटाला पुरून उरतं, म्हणून तर दुधाच्या टाक्या, औषधांच्या कारखान्यातली पिंपं, सगळी त्याचीच. पण महाग ना! मग लबाड लोक निकेल कमी करतात नि मँगनीज भरतात — त्यालाही चुंबक चिकटत नाही! मग काय कळलं तुम्हाला? डोंबल!

ही तपासणीच्या औषधाची बाटली बघा. भांड्यावर एक थेंब टाकायचा, बॅटरीची तार टेकवायची — लाल झाला की मँगनीजचा माल, हलका. इतकं सोपं. टाकला का मी तेव्हा? नाही टाकला! — तेव्हा म्हणजे माझ्या केतकीच्या लग्नात हो. व्यापारी ओळखीचा, चुंबक लावलं, चिकटलं नाही, झालं समाधान. तुमच्यासारखंच! आणि स्वतः मशीन धरून एकेका भांड्यावर नाव घातलं — 'चि. केतकीस, बाबांकडून.' सहा महिन्यांत पोरीचा फोन — बाबा, सार करते त्या पातेल्याला तांबडे डाग पडलेत, खड्डे पडलेत. मी काय म्हणावं? ओरडलो तिच्यावर. चिंच रात्रभर भिजत ठेवत असशील, तारेनं घासत असशील, भांडं वापरायची अक्कल नाही तुला! तिकडे तिचा फोन स्पीकरवर. शेजारी तिच्या सासूबाई, सुशीलाबाई. अजून आल्यागेल्याला सांगतात म्हणे — हिच्या बापानंच सांगितलंय, हिला अक्कल नाही.

फोन ठेवला नि त्याच मालातल्या उरलेल्या पातेल्यावर थेंब टाकला. लालभडक.

सांगितलं का तिला? कसं सांगणार? दोन वर्षं झाली, संक्रांतीलासुद्धा आली नाही. नारायणगुड्यात राहते, ऑटोनं पंधरा मिनिटं — रोज ठरवतो, आज जाऊन म्हणायचं, बाळ, तुझं काही —

तुम्हाला काय करायचंय? भांडी हवीत की माझ्या घरच्या कहाण्या? नक्को, आज काही विकायचं नाही मला. उतरा पायरी. — अहो, जा म्हटलं ना!