बोअर कोरडी गेली, चूक कुणाची?

टाळ जरा थांबवा. मृदंगबुवा, तुम्हीपण हात पुसा. आज आधी प्रश्न, मग आख्यान.

मंडळी, ऐका — विज्ञानसुद्धा श्रद्धेवरच उभं आहे का? आपल्यासारखंच? हसू नका! परवा टपरीवर एक गृहस्थ मला म्हणाले, "महाराज, डॉक्टरची गोळी आपण विश्वासानंच गिळतो की! मग अंगाऱ्यानं काय घोडं मारलंय?" विचार करता करता चहा गार झाला! पण कातळवेढ्याच्या तात्या शेलारांची गोष्ट आठवली.

कातळवेढं गाव. नावातच कातळ — पाणी कुठलं? तात्या देवळाचे पुढारी. त्यांनी शब्द टाकला की गाव उठायचं. गावासाठी बोअर मारायची ठरली, रावजी पाणाड्याला बोलावलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून रावजी माळभर फिरला... आणि देवळामागं नारळ ताठ उभा! "हितंच हाय! धो धो!"

गाडी आली. घरघर, घरघर... आणि काय निघालं? धुरळा! माणसं पीठगिरणीतनं आल्यासारखी पांढरी!

आता रावजीनं काय करावं? नारळ खाली ठेवला. बायकांकडं बघितलं. "जागा बाटली. कोण आलं हुतं हितं?"

आली होती. तात्यांची सून, सरोज. कामावरच्या माणसांना चहा घेऊन. पाळी होती तिची, आणि जावेनं ते गावादेखत बोलून दाखवलं. पोरीनं सासऱ्याकडं बघितलं. आणि तात्यांनी? — तात्यांनी आभाळाकडं बघितलं!

झालं. टँकरच्या रांगेत बायका तिची घागर बाजूला सारायला लागल्या. थोड्याच दिवसांत ती माहेरी गेली. कुणी थांबवलं नाही.

पुढं तालुक्याच्या कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे हेमाडे सर पाण्याची जागा शोधायला आले. त्यांनी जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकल्या, वायरी जोडल्या, एका डब्यातल्या काट्याकडं बघत बसले. तात्या मिशीत हसले. "सर, आमचा नारळ, तुमचा डबा. विश्वास ठेवायचा तो ठेवायचाच की!"

सर म्हणाले, "खरं आहे, तात्या. जमीन काल जशी वागली तशीच आज वागेल, हे मीही धरूनच चालतो. ते सिद्ध करून दाखवता येत नाही मला."

बघा! कबूल केलं माणसानं! जिंकलो की आपण! टाळ्या वाजवणार होतात ना? थांबा.

सरांनी जागा दाखवली. गाडी आली. घरघर, घरघर... आणि? धुरळा!!

गावाला पाणी मिळालं नाही, पण आनंद काय झाला म्हणता! तात्या तर सरांच्या मदतीला धावले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घिऊ नका. कोण तरी आलं-गेलं आसंल हितनं. चौकशी करतो."

सरांना कळेचना. "चौकशी कसली? माझं चुकलं, तात्या. दोन कातळांच्या मधे चिकट तांबडी माती होती. काट्याला ती पाण्यासारखीच दिसते. ओळखायला हवी होती मी. आता ही चूक धरून पुन्हा बघतो. पुन्हा चुकलो, तर तेही इथंच सांगेन."

चेहरा उतरलेला, लाजेनं कान लाल — पण बोट स्वतःकडं!

तात्यांचा हात सरांच्या खांद्यावर तसाच राहिला. म्हणजे बोअर कोरडी जाते, आणि कुणीच बाटलेलं नसतं! मंडळी, तात्यांना लाज वाटली. कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं, अशी लाज!

तसेच निघाले, सुनेच्या माहेरी गेले. आत जायचा धीर होईना. उंबऱ्याबाहेरच उभे. सरोज दारात आली.

"पाणी लागलं का, मामंजी?"

"न्हाई."

"मग का आलाय?"

तात्यांनी कान धरले. "माझं चुकलं, पोरी. तुझ्यामुळं काय झालं न्हाई, हे मला त्या दिशी बी ठावं हुतं. गप बसलो."

सरोज रडली नाही. म्हणाली, "हे हितं मला कशाला सांगताय? माझं नाव गावाम्होरं घेतलं हुतं."

तात्या परत आले. देवळात गाव जमवलं. ज्या जिभेवर गाव उठायचं, ती जीभ उचलेना! देवाकडं पाठ होती, तोंड गावाकडं. एकेक शब्द काढला — तिचं नाव घेऊन, स्वतःचं नाव घेऊन.

तर त्या टपरीवरच्या गृहस्थांना सांगा — विश्वास दोघांचाही असतो. पण कोरडं गेल्यावर बोट कुणाकडं जातं, ते बघा! "देवा, माझं चुकलं" हा तर भक्ताचा पहिला शब्द. तो त्या सरांच्या तोंडी आला, आणि आपण? नवस फळला नाही — सून पांढऱ्या पायाची! पोर आजारी — आईचंच काहीतरी! देवानं कधी नाव घेतलं का हो तिचं? आपण घेतलं. देवाच्या आडून घेतलं!

मागं आयाबाया बसल्यात. वळून बघा त्यांच्याकडं. नाही बघवत ना?

काय म्हणता, दादा? मोठ्यानं बोला... "पुढं पाणी लागलं का?"

अरे देवा! अजून तुम्ही पाण्याचंच विचारताय. सरोज परत आली का, हे एकानंही विचारलं नाही.

टाळ राहू द्या. आज घरी जा. तिथं कुणीतरी "माझं चुकलं" ऐकायची वाट बघत असेल.