लक्ष नव्हतं

अहो नाही, तुम्ही बसा — माझ्या गुडघ्याचं काही नाही, खरचटलंय नुसतं, पायमोजा फाटला एवढंच, आणि तोही जुनाच होता — तुम्हाला कुठे लागलं का ते सांगा आधी. नाही ना? मग झालं तर. बसा या बाकावर दोन मिनिटं, सायकल पडू दे तिथंच कठड्याशी, तिला काही होत नाही, ती माझ्यापेक्षा टणक आहे. फोन सापडला? काच शाबूत? नशीबवान आहात. — माफी? अहो, चारदा मागितलीत, पुरे झाली. माफी मागण्यात लोक फार पुढे असतात, मी रोज बघते. माफी मागतात आणि उभे तिथंच राहतात, लाल रस्त्याच्या मधोमध. करडी फरशी चालणाऱ्यांना, लाल पट्टा सायकलींना — इथल्या पाळण्यातल्या पोराला कळतं ते. तुम्ही देशाच्या दक्षिणेकडचे ना? बोलण्यावरून वाटलंच. तुमच्याकडे चढउतार, सायकल धापा टाकत येते, माणसाला बाजूला व्हायला सवड मिळते. इथं उत्तरेला ग्रोनिंगनमध्ये सगळं ताटासारखं सपाट, त्यात पाठीशी वारा असला की सायकल काय आपल्या हातात राहते थोडीच?

नाही, तुम्हाला एकट्यालाच बोलत नाही मी. तुम्ही बरेच म्हणायचे. सकाळी निघाले ना, तर पाच पोरी हातात हात घालून, अख्खा रस्ता अडवून — कॉलेजच्या असणार — मी घंटा वाजवली तर पाचही जणी वळून माझ्याकडेच बघायला लागल्या, बाजूला एकही होईना! मग तो कुत्र्याचा माणूस. तो स्वतः या बाजूला, कुत्रा त्या बाजूला, मधे दोरी, आणि वर मलाच म्हणतो, ‘घाबरू नका बाई, तो चावत नाही.’ अहो, मी कुत्र्याला कशाला घाबरू, मी दोरीला घाबरते! बेकरीसमोरची रांग तर विचारूच नका. आणि चाकांच्या बॅगा ओढत येणारे — खडखड खडखड — पुलाच्या ऐन माथ्यावर थांबणार आणि मग विचार करणार, कुठे बरं जायचं होतं आपल्याला? आधी करा ना विचार! घरी करा!

पण सगळ्यांत वाईट कोण सांगू? तुमच्यासारखे. पाणी बघणारे. कॅनॉल दिसला की मान तिकडे, पाय इकडे. तुम्ही फोटो काढत होता तो पाण्याचाच ना? तेच म्हणते मी. पाणी बघणाऱ्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. मला विचारा, एकाबरोबर संसार केलाय मी.

हार्मेन. माझा नवरा — होता म्हणा, आहे म्हणा, कागदावर अजून काय आहे ते मी विचारलेलं नाही. पाटबंधाऱ्याच्या खात्यात होता. पाणी किती चढलं, किती उतरलं, कुठली झडप उघडायची, कुठली लावायची — आयुष्यभर तेच. हुशार माणूस, पण रस्त्यावर आला की तान्हं मूल. लग्नाच्या दिवशीची गोष्ट सांगते. नगरभवनाच्या पायऱ्या उतरलो, लोक तांदूळ टाकतायत, आणि हा चालत चालत सरळ पोस्टमनच्या सायकलपुढे! मी कोटाची बाही धरून मागे खेचला. सगळे हसले. माझी आई म्हणाली, ‘विप्के, आता हा तुझ्या स्वाधीन.’ मीही हसले, आणि मनातून — हसू नका तुम्ही — मनातून मला फार बरं वाटलं. बाकीच्यांच्या नवऱ्यांना बायको लागते ती जेवायला, इस्त्रीला. माझ्या नवऱ्याला मी जिवंत राहायला लागत होते. केवढी मोठी गोष्ट आहे ती! किती वेळा ओढलं असेल मी त्याला मागे — बसच्या पुढून, दुधाच्या गाडीपुढून, एकदा तर शाळेच्या सहलीपुढून, चाळीस पोरं सायकलवर. त्याच्या कोटाच्या बाहीची शिवण सारखी उसवायची, मी सारखी घालायची. माझं बटणांचं दुकान आहे ना, बटणं, लोकर, चेन, अस्तरं — त्यामुळे दोऱ्याला तोटा नव्हता. आणि दरवेळी त्याचं एकच उत्तर, ‘लक्ष नव्हतं गं.’ रागवावं तरी कसं? इतकं निर्मळ तोंड करून म्हणायचा.

माझी बहीण नॉर्वेत दिली. दर उन्हाळ्यात बोलवायची, ये महिनाभर, डोंगर बघ, हवा बघ. एकदाही गेले नाही. कशी जाणार? याला सकाळी बाजारात कोण नेणार, मासळीवाल्याच्या चौकातून कोण पार करणार? बहीण म्हणायची, अगं, तो काय आंधळा आहे? मी म्हणायची, तुला नाही कळायचं. शेवटी ती बिचारी बोलवायची थांबली. आता तर तिचे गुडघेही गेले, तीच डोंगर बघत नाही.

काय सांगत होते? हां, पाणी. — तुम्हाला उशीर तर नाही ना होत? मुलीला भेटायला आलात म्हणालात. इथं शिकते का? बरं. कॉफीच्या दुकानात बसलीये ना, मग बसू दे, पोरांना फोन असला की आईबाप उशिरा आलेले चालतात.

तर दोन वर्षं होतील आता. मी दुपारी दुकान बंद करून दाताच्या डॉक्टरकडे गेलेली. दाढ काढली. अर्धं तोंड बधिर, ओठ कुठे आहे आणि गाल कुठे आहे काही पत्ता नाही, नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला, टोपी खाली ओढलेली, अशी मी सायकलवर घरी निघाले. आणि तिथं — तो पूल दिसतोय ना, त्याच्या अलीकडे, जिथं तो दिव्याचा खांब आहे — तिथं हार्मेन. बरोबर एक बाई. ओळखीचीच. एल्स्के. माझ्याच दुकानातून लोकर न्यायची, नेहमी तो मातकट हिरवा रंग, मीच तिला मोजून द्यायची. दोघं चालतायत. मला आधी काय वाटलं सांगू? ती बाई काही मनात आलीच नाही माझ्या. मला वाटलं, अरे देवा, हा आता लाल रस्त्यावर येणार! लागली घंटा वाजवायला. ओरडावं म्हटलं तर तोंडातून नुसतं ‘आँ, आँ’.

आणि तो थांबला.

अहो, थांबला! कडेला, करड्या फरशीवर, बरोबर जिथं थांबायचं तिथं. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. आणि हात असा आडवा धरला त्या बाईपुढे — असा, आपण लहान पोरापुढे धरतो ना — तिला अडवलं, आणि माझ्याकडे हसून म्हणाला, ‘या बाई, तुम्ही जा आधी, आम्ही थांबतो.’

मला म्हणाला. ‘या बाई.’ माझी सायकल बघितली, वेग बघितला, सगळं नीट बघितलं त्यानं, फक्त मी कोण ते बघितलं नाही. ‘आम्ही थांबतो.’ आम्ही.

मग काय केलं? काय करणार, गेले. वाट दिली होती ना मला, गेले. हात वर करून आभारही मानले, सवय असते हाताला.

तुम्ही काही बोलू नका. मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. बाईबरोबर होता म्हणून वाईट वाटलं असणार. सगळ्यांना तेच वाटलं, बहिणीलाही. अहो, पुरुष बाईबरोबर फिरतात, त्यात काय एवढं नवल आहे? माझ्या शेजारणीचा नवरा तिघींबरोबर फिरला आणि अजून तिच्याच हातचं खातो. ते नव्हे हो. त्याला बघता येत होतं! समजतंय का तुम्हाला? इतकी वर्षं त्याला रस्ता बघता येत होता.

घरी आले, वाटाण्याचं सूप टाकलं, त्याच्या आवडीचं, धुरावलेलं सॉसेज घालून. तो आला, कोट काढला, बसला. मी घास घेतेय तर अर्धं सूप हनुवटीवरून खाली, बधिर होतं ना अजून. मी विचारलं, ‘दुपारी पुलाजवळ तू वाट कुणाला दिलीस?’ तर म्हणतो, ‘कुणाला? लक्ष नव्हतं.’ म्हटलं, ‘ती मी होते.’ मग चमचा ठेवला त्यानं. रडला. सगळं सांगायला लागला — गायनमंडळात कसे भेटले, आधी नुसतंच बोलायचे, मग कसं काय काय — मी म्हटलं, ते राहू दे. ‘तुला बघता येतं?’ त्याला कळेना. ‘काय बघता येतं?’ म्हटलं, ‘रस्ता.’ त्याला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. मग म्हणाला, आणि अगदी सहज म्हणाला, माझी समजूत काढावी तसं — ‘एल्स्केचा घोटा दुखरा आहे, विप्के. तिला पटकन बाजूला होता येत नाही. म्हणून लक्ष ठेवावं लागतं.’ म्हटलं, ‘आणि माझ्याबरोबर?’

तर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘तू होतीस ना.’

बस. एवढंच. तू होतीस ना.

महिनाभरात गेला. दोन पेट्या आणि तो हवेचा दाब बघायचा भिंतीवरचा यंत्राचा डबा. बहीण फोनवर म्हणाली, ‘सुटलीस बाई, आता तरी ये नॉर्वेला.’ दुकानात येणाऱ्या बायका म्हणाल्या, आता निवांत झालीस. झाले ना निवांत. रस्त्यानं चालते तर हा उजवा हात मधेच वर येतो, धरायला. धरायला कुणी नसतं. एकदा एका परक्याच माणसाची बाही धरली मी फळांच्या गाडीपाशी. तो केवढा दचकला! पाकीट चाचपून बघितलं त्यानं.

थंडी वाजतेय का तुम्हाला? वारा आहे खरा. जाऊ आता. एवढं सांगते आणि जाऊ.

मागच्या महिन्यात ती आली दुकानात. एल्स्के. मला वाटलं लोकर हवी असेल, म्हटलं बेशरमपणाला काही मर्यादा? पण लोकर नको होती. काउंटरशी उभी, काठी टेकून, आणि म्हणते कशी, ‘विप्के, मला कुणाला विचारावं कळत नाही. तो रस्त्यावर आला की भानावरच नसतो. आधी असा नव्हता. परवा बसखाली जाता जाता राहिला. मी ओरडते, तो पाणी बघतो. मला धावता येत नाही, ओढता येत नाही. तू कसं करायचीस?’ आणि रडायला लागली. माझ्या काउंटरवर, माझ्या बटणांवर.

आता तुम्ही म्हणाल, आनंद झाला असेल. झाला! खोटं कशाला बोलू? पण तो आधी वाटला तसला नव्हता — कसं सांगू — म्हणजे तिच्याबाबतीतही हार्मेन सरावला. तिचंही आता ‘तू आहेस ना’ झालं. मला त्या बाईची कीव यायला हवी होती ना? आली पण असती. फक्त मला तिचा तो आडवा हात आठवला. म्हणजे त्याचा, तिच्यापुढे धरलेला. तसा माझ्यापुढे त्यानं कधी — एकदासुद्धा —

मी बटणं निवडत होते. मान वर न करता म्हटलं, ‘माझ्याबरोबर? माझ्याबरोबर तर तो नीट चालायचा, एल्स्के.’

तिचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. मी बघितलं. मग ती गेली, हातमोजे तिथंच विसरून. मी दुकान लवकर बंद केलं, सफरचंदाचा केक आणला, वर साय घेतली भरपूर, आणि एकटीनं सगळा खाल्ला.

सांगण्यासारखं काही फार नव्हतं हो. पाण्याच्या बाजूनं आपण चालायचं, त्याला भिंतीकडे ठेवायचं. डावी बाही धरायची. उजवी धरली की तो झटकतो. आणि ओरडायचं नाही, ओरडलं की तो थांबतो जागच्या जागी, पुढे जात नाही, मागे येत नाही. हळू बोलत राहायचं, पाण्याबद्दलच. संपलं. दोन मिनिटांचं काम. ती सगळं पाठ करून गेली असती.

नाही, त्यानंतर नाही आली. हातमोजे आहेत माझ्याकडे. देईन कधीतरी. घर माहितीये, न माहीत असायला काय झालं — पुलापलीकडचं, हिरव्या दाराचं, त्या दोन गच्चीवाल्या घरांच्या मधलं. पडदे अजून लावलेले नाहीत तिनं.

मी? मी कुठे निघाले होते — म्हणजे काय, इथूनच — आज दुकान बंद असतं माझं. हवा चांगली आहे म्हणून — नाही, मी नव्हते बघत तिकडे. समोरच बघत होते. तुम्ही आडवे आलात म्हणून — बरं, असेन बघत. जरा मान वळवली असेल. या वेळेला तो निघतो वाणसामान आणायला, ती पायानं अधू, तेव्हा एकटाच निघतो, आणि त्या कोपऱ्यावर बस वळते —

थांबा. दार उघडलं का ते? — नाही. शेजारचं.

झालं, उठा आता. मुलगी तुमची ताटकळली असेल. सायकल? सायकल राहू दे, मी उचलते माझी मी. काही झालेलं नाही मला, सांगितलं ना, पायमोजा फाटलाय. — अहो जा हो! माझ्याकडे काय बघत उभे राहिलात?