गाठ साधी हाय

नाशिकच्या एका दवाखान्यात अमिना आपला नंबर यायची वाट पाहत बसली होती. मखमलाबादकडचं, फुलशेती करणारं एक वयस्कर जोडपं डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन तिच्या शेजारीच टेकलं. बाईनं नवऱ्याची बाही धरली. आपण ऐकतोय हे दिसू नये म्हणून अमिनानं मान खाली घातली.

“अवो, काय म्हनले डॉक्टर? मला भीतीनं काय ऐकूच आलं नाय.”

“कॅन्सर नाय, गोजरा. छातीतली गाठ साधी हाय.”

“मंग छाती बाईवानी सुजली कशानं?”

“वय झालं, आन् ती प्रेशरची गोळी. बाप्याच्या छातीतबी थोडं तसलं मांस असतं, ते वाढलंय. गोळी बदलून दिली.”

“म्हनून उन्हाळ्यातबी अंगातला सदरा निघत नव्हता?”

“लोक हसतील वाटलं. मंग गाठ लागली हाताला, आन् तोंडच शिवलं.”

“दिवाळीत पाठीला तेल लावू दिलं नाय. दार लावून एकटेच न्हाले. मला वाटलं, माझा हात नकोसा झाला.”

“येडी का? तुझ्या हाताला ती गाठ लागली असती, तर तू जेवली नसती.”

“मी तशीबी कुठं जेवत व्हते?”

अमिनाचा नंबर पुकारला. ती उठली, पण ओढणी सावरत तिथंच रेंगाळली.

“गोजरा, औंदाच्या दिवाळीला लाव तेल.”

“दिवाळी लय लांब हाय. तेल घरातच हाय.”